डॉक्टरांची करंगळी

आमचे डॉक्टर नाडी बघत असताना कुणी खोकलेलंही त्यांना खपत नसे. मनगट हातात धरलं की भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा एक अख्खा फेरा मारीपर्यंत दवाखाना चिडीचूप. कुणी म्हणालं, की बाकीचे डॉक्टर पंधरा सेकंद मोजतात आणि चाराने गुणतात, तर म्हणायचे, "शिस्तीची नाडी असेल तर गुणा. बेशिस्त नाडी गुणून हातात काय येणार?" नवागाम या यंत्रमाग कामगारांच्या वस्तीतला तो दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक लांब बाक, डॉक्टर आणि मी. मी तिथे बारा वर्षं सिस्टर होते. डॉक्टर बडोद्याचे मराठी. बोलणं पुस्तकातल्यासारखं स्वच्छ, रागावले की मात्र थेट गुजरातीत घुसायचे.

बेशिस्त नाडी हा त्यांचा लाडका विषय होता. लाडका म्हणजे त्यांना तिची भीती वाटायची, हे मला उशिरा कळलं. ठोके ना लवकर ना उशिरा, नुसते मनाला येतील तसे पडत. अशा पेशंटला ते सांगत, "तुमच्या हृदयाचा वरचा कप्पा नीट आकसत नाही, नुसता थरथरतो. मग रक्त तिथे रेंगाळतं. विरजण लावलेलं दूध न हलवता ठेवलं की दही लागतं ना, तशी गाठ धरते. ती गाठ मेंदूत गेली की माणूस एका बाजूने गेला." लूमवर बारा तास उभा राहून आलेला माणूस हे ऐकून घाबरायचा. डॉक्टरांना त्याचं काही वाटत नसे. गोड बोलणं त्यांना कधी जमलंच नाही.

मग बोटं निघायची. डावा हात वर, मूठ बंद. वय जास्त असेल तर अंगठा उघडायचा. ब्लडप्रेशर असेल तर पहिलं बोट, साखर असेल तर मधलं, दम लागून पाय सुजत असतील तर अनामिका. आधी कधी लकवा होऊन गेला असेल तर करंगळी. "ही दिसायला बारकी, पण वजन हिचंच जास्त," असं म्हणत. जितकी बोटं उघडी तितका गाठीचा धोका. मग उजवा हात. रक्त पातळ करायची गोळी दिली तर रक्त वाहण्याची भीती किती, ते त्या हातावर. माणूस दारू पितो का, पडतो का, पोटात व्रण आहे का, ठरलेल्या दिवशी रक्त तपासायला येईल का. दोन्ही हात समोर धरून ते बराच वेळ बघत बसत. सगळा नवागाम त्यांना बोटंवाले डॉक्टर म्हणायचा. पोरं नकला करायची, मीही घरी केलेली आहे.

एकदा एका मुकादमाने विचारलं, "साहेब, गोळी घेतली तर काही होणार नाही ना? गॅरंटी द्या." डॉक्टर म्हणाले, "गॅरंटी पंख्याची मिळते. माणसाचा अंदाज मिळतो. तो चुकला तर भोगायचं तुम्हाला आहे, म्हणून मी इतका वेळ लावतो." मुकादम उठून दुसऱ्या डॉक्टरकडे गेला.

आणखी एक नियम होता. जवाब पेशंटने स्वतः द्यायचा. नवऱ्याच्या वतीने बायको बोलली की तिची रवानगी बाहेरच्या बाकावर. "दुसऱ्याच्या तोंडून आलेला आजार अर्धाच येतो," म्हणायचे. बायका मनातल्या मनात त्यांचा उद्धार करीत बाहेर बसत. हा नियम त्यांनी माझ्यादेखत एकदाच मोडला, माझ्या वडिलांच्या वेळी.

शहरात प्लेग येऊन गेला, त्याच्या पुढचं वर्ष होतं ते. आप्पांनी बमरोलीच्या लूमखात्यात तीस वर्षं काढली होती. खटखटाटाने कान गेलेले. घरीच छातीत धडधडतं म्हणाले, म्हणून मी त्यांना दवाखान्यात घेऊन आले. सेकंदकाटा एक फेरा फिरला, मग दुसरा. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, तेव्हाच मला काय ते कळलं. अंगठा उघडला, पहिलं बोट उघडलं. साखर नव्हती, पाय सुजत नव्हते. डॉक्टरांनी आप्पांना विचारलं, "पूर्वी कधी लकवा झाला होता?" आप्पांना ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. बाहेर बाक भरलेला होता. डॉक्टरांनी माझ्याकडे मान वळवली. मी म्हटलं, "नाही." सिस्टरचे वडील, सिस्टरचा जवाब. डॉक्टरांनी तो धरला.

उजव्या हातावर दोन बोटं उघडली. आप्पा जिन्यावरून दोनदा पडले होते, आणि वर्षातले चार महिने अमळनेरकडच्या गावी राहत, तिथे रक्त तपासणार कोण. डॉक्टर त्या दिवशी फार वेळ बसून राहिले. शेवटी म्हणाले, "पातळ करायची गोळी नको. साधी अ‍ॅस्पिरिन देऊ. डाव्या हाताचं आणखी एक बोट असतं तर पातळ करायचीच गोळी दिली असती, आणि गावी जाऊच दिलं नसतं."

पाच महिन्यांनी, सकाळी चहा घेताना आप्पांच्या हातातून कप सुटला. त्यांनी तो उचलायला हात पुढे केला, पण हात गेलाच नाही. काही बोलायला गेले तर तोंडातून नुसता आवाज. रिक्षात घालून मोठ्या हॉस्पिटलात नेलं. दवाखाना बंद करून डॉक्टर मागोमाग आले. तिथल्या शिकाऊ डॉक्टरला माझी माय आमच्या अहिराणीत सांगत होती, "यास्ले पह्यले बी असंच वारं लागेल व्हतं. धाकलाना लगनमा. घटकाभरमा उतरी गयं."

डॉक्टर वळले. "सिस्टर, काय म्हणाल्या त्या?"

मी सांगितलं. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात, मांडवात, आप्पांचा हात लुळा पडला होता, शब्द जड झाले होते. माणसं म्हणाली, वारं लागलं. लसणाचं तेल चोळलं, आणि जेवणावळी उठायच्या आत आप्पा पंगतीत वाढायला उभे.

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो. मी तिथेच होते."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही लकवा विचारलात. हे वारं होतं."

मी खोटं बोलत नव्हते. आमच्याकडे जो राहतो तो लकवा, आणि जे येऊन जातं ते वारं. नर्सिंग शिकले, इतक्या लोकांच्या नाड्या बघितल्या, पण मांडवातला तो प्रसंग माझ्या डोक्यात आजारांच्या कप्प्यात कधी गेलाच नाही. डॉक्टर भिंतीला टेकून उभे राहिले. म्हणाले, "आम्ही अर्धांगवायू म्हणतो. वायू. माझ्याही शब्दात वाराच आहे, आणि मी तुमच्या तोंडून 'नाही' एवढं ऐकून थांबलो." मला त्यांनी एका शब्दानेही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं मला कितीतरी दिवस वाटत होतं.

त्यानंतर त्यांनी आजाराचं नाव घेऊन विचारणं सोडलं. माझ्याकडून अहिराणी शिकले, पन्नाशीत, चुकत-माकत. "कधी हात ऐकेनासा झाला का? जीभ जड झाली का? चेहरा ओढला गेला? घटकाभर का होईना?" लोक त्यांच्या अहिराणीला हसायचे, पण जवाब द्यायचे. त्या वर्षात किती जणांची करंगळी उघडली, मी पाहिलं आहे. प्रत्येक वेळी मला आप्पा दिसायचे. आज मी दुसरीकडे काम करते आणि त्याच शब्दांत विचारते.

आप्पा अकरा महिने जगले. बोलले नाहीत. तहान लागली तरी नुसते आमच्या डोळ्यांकडे बघत राहायचे, आणि आम्ही पाणी, लघवी, उशी असं एकेक विचारत बसायचो. दशक्रियेनंतर डॉक्टर आमच्या खोलीवर आले, खाली सतरंजीवर बसले. जो येई तो 'नशीब' असं म्हणून जाई. माय पलीकडे बायकांत बसली होती. मी डॉक्टरांना हळूच विचारलं, "त्या दिवशी मी हो म्हटलं असतं तर?"

मला वाटलं, निदान आज तरी टाळतील. ते म्हणाले, "खात्री नाही. पण बहुतेक ते आज बोलत असते."

"काय म्हनतस डाक्टर?" पलीकडून मायने विचारलं.

मी म्हटलं, "म्हनतस, नशीबमाच व्हतं."

डॉक्टरांना आता अहिराणी चांगली समजत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अर्ध्या जवाबावर बायकांना बाहेर बसवणारा तो माणूस. मग मायकडे वळून त्यांनी हात जोडले.