माझे मत मोजू नये

स्वतःचा संबंध आला की तिथून काढता पाय घेणारा माणूस जगात एकच झाला असावा, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर, सातव्या मजल्यावर राहतो. आमच्या सीवूड्सच्या सोसायटीत त्यांना सगळे नुसते 'सर' म्हणतात. प्राणिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून ते निवृत्त झाले, आणि उभी नोकरी त्यांनी खाडीतल्या निवटीमागे घालवली. निवटी म्हणजे तो बोटभर मासा, ज्याला पाण्यापेक्षा चिखलात जास्त करमतं आणि जो डोळे वर काढून येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत बसतो. इतकी वर्षं त्याच्या संगतीत काढल्यामुळे असेल, सरही माणसाकडे काहीसं तसंच बघतात.

निवृत्तीनंतर लोक ट्रेकला जातात, नातवंडं सांभाळतात. सर इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशात लिहू लागले. तिथे कोणीही लिहावं आणि कोणीही खोडावं असा कारभार असतो, पण प्रत्येक विधानाला संदर्भ द्यावा वगैरे काही नियमही असतात. त्यातला एक असा, की ज्या विषयात आपले हितसंबंध गुंतलेत, ते लेखाच्या चर्चापानावर जाहीर करावेत आणि लेख इतरांवर सोडावा. वाचावा, मान डोलवावी आणि पुढे जावं, इतका साधा नियम. सरांनी तो अंगाला लावून घेतला. ते मूळचे देवगडचे, म्हणून हापूसच्या लेखाला हात लावत नाहीत. रत्नागिरीकरांनी त्यात काय काय घुसवलंय ते मात्र चवीने वाचतात आणि चडफडतात. मी एकदा म्हटलं, एखादं वाक्य टाका की तुम्हीही. तर म्हणाले, "आमची कलमं आहेत तिकडे. मी कोण बोलणार?" निवटीच्या लेखात खाण्यापिण्याचा विभाग त्यांनी कोराच ठेवला होता, कारण निवटीचं कालवण त्यांना आवडतं. रविवारी करावे गावात जाऊन ते कोळणीच्या पाटीशी वाकून एकेक निवटी न्याहाळत बसायचे. शेवटी एकदा ती वैतागून म्हणाली, "मास्तर, घ्यायचा हाय का नुस्ता बगायचा हाय?" सरांनी मुकाट्याने वाटा घेतला, आणि त्या दिवशी निवटीच्या लेखाकडे फिरकले नाहीत.

हे संगणकापुरतं राहिलं असतं तर माझी तक्रार नव्हती. पण सोसायटीच्या सभेत नवी लिफ्ट बसवायचा ठराव आला, मतं समसमान पडली, आणि सगळ्यांच्या माना सरांकडे वळल्या. सर उभे राहिले आणि म्हणाले की सातव्या मजल्यावर राहत असल्यामुळे लिफ्टचा सगळ्यात जास्त फायदा त्यांनाच आहे, तेव्हा त्यांचं मत मोजू नये. ठराव बारगळला. लिफ्ट त्या दिवशीही बंदच होती. सर गुडघ्यावर हात ठेवत जिना चढत होते आणि त्यांच्यामागे मी, तोंडाने काय पुटपुटत होतो ते इथे लिहीत नाही. पुढे एका स्थळाची चौकशी करायला साताऱ्याकडची मंडळी त्यांच्याकडे आली. मुलीचे वडील सरांचे विद्यार्थी. सर म्हणाले, "त्या घराबद्दल मी काही बोलू शकत नाही." मंडळींचे चेहरे उतरले, आणि घरात काहीतरी काळंबेरं आहे असं समजून ती स्थळ नाकारायला निघाली. काकूंनी म्हणजे सरांच्या बायकोने मध्ये पडून सगळं सावरलं. काकूंनी आमटी कशी झाली विचारलं, तर सर सांगत, स्वयंपाक करणारी व्यक्ती नात्यातली आहे. काकू म्हणायच्या, "मग उद्यापासून त्रयस्थाकडे जेवा."

पण या सगळ्यात सरांना खरा जाच एकाच माणसाचा होता. तेही निवृत्त प्राध्यापक, विषय तोच, मासा तोच. पूर्वी दोघे एकाच कॉलेजात होते. भरती आली की निवटी बिळात शिरते असं आमच्या सरांचं म्हणणं, ती तिवराच्या मुळांवर चढून बसते असं त्यांचं. यावरून दोघांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. ते गृहस्थ उलव्यात राहायला गेले आणि सरांच्या तोंडी 'उलव्याचे' एवढंच नाव उरलं. ज्ञानकोशात तेही लिहीत. आता गंमत अशी, की स्वतःचं संशोधन स्वतः घालायचं नाही हा नियम दोघांनाही लागू. आणि एकाचं संशोधन नीट समजणारा माणूस जगात दुसरा एकच. त्यामुळे सरांचे शोधनिबंध निवटीच्या लेखात घातले उलव्याच्यांनी, अगदी पान क्रमांकासकट. खाली लिहिलं, "निरीक्षण अचूक, निष्कर्ष चुकीचा." सरांनी त्यांचे घातले, तेही असेच. उलव्याच्यांवर त्यांच्या एका विद्यार्थ्याने स्वतंत्र लेख लिहिला होता, त्याची राखणही सरच करत. वैर हाही हितसंबंधच ना, असं मी मुद्दाम टोचून विचारलं. सरांनी दिवसभर विचार केला आणि संध्याकाळी खाली येऊन उत्तर दिलं, की वैर नाही, मतभेद आहेत, आणि बोलणं नसल्यामुळे अडचण येत नाही. सकाळी दात घासायच्या आधी ते चर्चापान उघडून उलव्याच्यांनी काय लिहिलंय ते बघत, आणि चहा होईपर्यंत उत्तर तयार असे. मला तरी हे चांगलं बोलणंच वाटत होतं.

गेल्या थंडीत उलव्याचे सर गेले. आमचे सर अंत्यदर्शनाला गेले नाहीत, घरात बसून राहिले. थोड्याच दिवसांत उलव्याच्यांवरच्या त्या लेखावर पाटी लागली, की ही व्यक्ती पुरेशी उल्लेखनीय नाही, लेख का काढू नये ते आठवड्यात सांगावं. त्यांचे विद्यार्थी धावले, पण विद्यार्थी म्हणून त्यांचं म्हणणं बाजूला पडलं. मग तिथल्या प्रचालकाने, म्हणजे तिथल्या पंचाने, सरांनाच विचारलं. तुम्ही त्यांचे जुने विरोधक, तुम्ही 'ठेवा' म्हणालात तर ते निःपक्ष मत धरता येईल.

सरांनी मला वर बोलावून घेतलं. संगणक समोर उघडा होता आणि ते हात मांडीवर ठेवून बसले होते. एक शब्द लिहायचा होता, आणि तो लिहिला नाही तर त्या माणसाचं तिथलं नाव जाणार होतं. काकू म्हणाल्या, "लिहा ना. जन्मभर भांडलात, आता त्याचा एवढा तरी उपयोग होऊ द्या."

"भांडलो," सर म्हणाले. "पण तो गेल्यापासून सकाळी उठावंसं वाटत नाही. हे लपवून कसं लिहू?"

मग त्यांनी एका बोटाने, सावकाश टाइप केलं: "हितसंबंध जाहीर करतो. ही व्यक्ती माझा मित्र होता. माझे मत मोजू नये." त्याखाली त्यांनी उलव्याच्यांचे सगळे निबंध मांडले. कोणत्या निबंधाचा आधार कोणी कुठे घेतला तेही लिहिलं. शेवटी, ज्या एका निबंधात त्यांनी आमच्या सरांची चूक सप्रमाण दाखवून दिली होती, तोही घातला. तो असल्याचं तोवर मला माहीत नव्हतं. मी उगाच खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.

लेख राहिला. प्रचालकाने निकालात लिहिलं, की सरांचं मत विचारात घेतलेलं नाही, पुरावे घेतले आहेत. सरांना हे फार आवडलं. त्यानंतर त्यांनी त्या लेखाला हात लावलेला नाही. मित्राचा लेख, म्हणाले.

परवा आम्ही दोघे खाडीच्या बांधावर बसलो होतो. भरती चढत होती. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "त्याला हे माहीत असेल का हो?"

मी म्हटलं, असणार.

सरांनी संदर्भ मागितला नाही.