वरची फॅमिली, खालची फॅमिली

मस्कतमध्ये, रुवीतल्या एका मनी एक्स्चेंजमध्ये मी सहा वर्षं काउंटर सांभाळला. पैसे पाठवायला आलेल्या प्रत्येकाला मी विचारायचं, "पर्पज?" आणि त्याने म्हणायचं, "फॅमिली मेंटेनन्स." फॉर्मवर दुसरेही पर्याय होते, पण आपल्या माणसांना हाच पाठ. चिपळूणकडचा एक प्लंबर तर पावती हातात पडली की तिथूनच बायकोला फोन लावायचा. "पैसे टाकले गो," एवढंच बोलायचा. त्या न पाहिलेल्या बाईचा मला इतका हेवा वाटायचा, की एकदा मी त्याचा फॉर्म सही जुळत नाही म्हणून परत केला. सही व्यवस्थित जुळत होती.

मेंटेनन्स मलाही मंजूर झाला होता. रत्नागिरीच्या कोर्टाने घटस्फोट देताना नवऱ्याने मला आणि लेकीला दरमहा पैसे द्यायचे असं ठरवून दिलं होतं. तो ओमानमध्येच, सहम गावी एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होता. तीन महिने पैसे आले आणि बंद झाले. फोन केला की म्हणायचा, "इन्शाल्ला, पुढच्या महिन्यात." अरबांच्या तोंडी हा शब्द किती गोड वाटतो. त्याच्या तोंडून ऐकला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

लेक सातवीत होती. मेंटेनन्स म्हणजे बिल्डिंगमधले एसी दुरुस्त करणारा माणूस, एवढंच तिला माहीत. एकदा माझं फोनवरचं भांडण ऐकून म्हणाली, "मम्मी, तो मेंटेनन्सवाला आज पण नाही येणार?" मी म्हटलं, "नाही गं, तो फार बिझी असतो."

त्या वर्षी तिची दोन टर्मची फी राहिली होती. पुढच्या आठवड्यात भरली नाही तर परीक्षेला बसू देणार नाही, असं शाळेने कळवलं होतं.

आणि त्याच आठवड्यात, एक तारखेच्या शुक्रवारी, तो माझ्या काचेसमोर येऊन उभा राहिला. कामासाठी रुवीला आला होता; मी इथे काउंटरवर असते, ते त्याच्या गावीही नव्हतं. मान मोबाइलमध्ये. पन्नास रियालच्या तीन नोटा आणि रेसिडेंट कार्ड आत सरकवलं आणि वर न बघता म्हणाला, "सेम. फॅमिली मेंटेनन्स."

कार्डाचा नंबर टाकला की आमच्या कुठल्याही शाखेतून आधी कुणाकुणाला पैसे पाठवलेत ती यादी स्क्रीनवर येते. दोनच नावं होती. वर माझं, मी गावी राहायचे तेव्हाचं. नातं, वाइफ. खाली दुसरं. नातं, वाइफ. त्याने पुन्हा लग्न केल्याचं कानावर आलं होतं. तिच्या नावापुढे दर महिन्याची एक तारीख होती, एकही चुकलेली नाही. माझ्या वेळी हाच माणूस वीस तारीख उजाडली तरी विसरलेला असायचा. मी जळून खाक झाले. आपल्याला ही बाई व्हायचं होतं, असं मला त्या क्षणी स्वच्छ वाटलं.

"कुठली फॅमिली, सर?" मी विचारलं.

त्याने वर पाहिलं. चेहरा पडला. मागच्या रांगेत निम्मी माणसं आपल्याकडचीच होती.

"दोन आहेत इथे. वरची की खालची?"

"खालची," तो पुटपुटला.

"वरच्या फॅमिलीतल्या मुलीची फी राहिलीय. परीक्षेला बसू देणार नाहीत तिला."

त्याच्या मागे तो प्लंबर उभा होता. तो एक पाऊल पुढे सरकला आणि याच्याकडे रोखून बघत राहिला.

"शंभर फीला घे," लेकीचा बाप शेवटी म्हणाला. "पन्नास तिकडे पाठव."

दोन नोटा मी बाजूला ठेवल्या. तिसरी पाठवण्याआधी नियमाप्रमाणे विचारलं, "अकाउंट नंबर सांगा."

त्याने तिचा नंबर सांगितला. सगळे आकडे, मोबाइल न उघडता, न अडखळता. नऊ वर्षांच्या संसारात माझा फोन नंबर त्याला कधी पाठ झाला नव्हता.

रविवारी मी फी भरली. लेक परीक्षेला बसली, चांगली पास झाली. तो अकाउंट नंबर मला अजून पाठ आहे.