रूपालीच्या हंड्यावरचं नाव

म्हसावदच्या बाजारात रतिलालचं भांड्यांचं दुकान आहे. दुकान बापाने टाकलं, पण नाव झालं ते बहिणीमुळे, हे रतिलाल गिऱ्हाइकाला चहाच्या आधी सांगतो. तो स्वतः सातवीतच थांबला. धाकटी बहीण कोकिळा मात्र बारावी शिकली, आणि भांड्यावर मशीनने नाव टाकते. पेन्सिल नाही, पट्टी नाही. सुई टेकवली की अक्षर आपोआप चालत जातं. शहाद्यापासून तळोद्यापर्यंत असा हात कोणी दाखवा, असं तो बोलून बसलाय. अजून कोणी दाखवलेला नाही.

त्या दिवशी रेवजी आणि धनुबाई लेकीच्या लग्नाचा तांब्याचा हंडा घ्यायला आले. नवरी रूपालीही सोबत होती.

"जावईनं नाव टाक बेटा," रेवजी कोकिळेला म्हणाला. "इंग्रजीमा. व्याहीनी सांगेल शे."

"पोरीनं नाव टाक," धनुबाई म्हणाली.

"काय फरक पडस?"

"मन्हा हंडावर सासरानं नाव व्हतं. वाटणी व्हयनी, तवय जेठनी नाव वाचं अन् हंडा उचली लई गया. मन्हा बापनी देयेल हंडा."

रेवजी रस्त्याकडे बघत राहिला. त्या वाटणीत तो थोरल्या भावाच्या समोरच बसलेला होता.

कोकिळेने विचारलं, "एकली रूपालीना शे ना?"

"एकलीना," धनुबाई म्हणाली.

मशीन घुरघुरलं. इंग्रजीत रूपालीचं नाव उमटलं. मग शेवटच्या अक्षरानंतर, वरच्या अंगाला, बाजरीच्या दाण्याएवढी एक टिकली. मग एस.

"हाई माशी कसाले बसाडी?" रेवजी म्हणाला.

"काका, आपण 'रूपालीना हंडा' म्हंतस ना? त्यामधला 'ना' शे हाऊ. नुसतं नाव टाकं, तर हंडानंच नाव रूपाली." कोकिळा हसली. "दोन बहिणीसना ऱ्हाता, तर टिकली एसना नंतर उनी व्हती. तुमना हंडा एकलीना, म्हणून एसना आधी."

रतिलालने बहिणीला ही टिकली काढताना किती वेळा पाहिलं होतं. आज तो वाकून बघत राहिला. एवढासा ओरखडा, आणि पाच माणसांत कोणी हात लावायला धजणार नाही असा हंडा एका पोरीचा झाला होता. रूपालीने तो काउंटरवरून उतरवून मांडीवर घेतला.

रेवजीने फोन काढला. "व्याहीबा, हंडा पोरीना शे. त्यावर तिनंच नाव शे." पलीकडून काही विचारणं झालं. "हां, इंग्रजीमाच."

दारात पुढचं गिऱ्हाईक रतिलालला दोनदा हाक मारून गेलं. त्याला ऐकूच आलं नाही.