डावीकडची ट्यूब

शुक्रवार, १४ नोव्हेंबर २००८. सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. मी दाढी करीत होतो. फोन डॉ. हरेश तरे यांच्या घरून होता. त्यांची पत्नी सुनंदा "सर, हे गेले," एवढेच म्हणाली. पहाटे छातीत दुखू लागले आणि गाडी दारात येईपर्यंत सारे संपले, हे तिच्या भावाने फोन घेऊन सांगितले. मी उरलेली अर्धी दाढी पुरी केली. दुःख होण्याच्या आधी मला एक प्रश्न पडला, हे येथे लिहून ठेवतो. आदल्या संध्याकाळी केंद्रावर मेंदूची एक फिल्म येऊन पडली होती. ती आता वाचणार कोण? मी अडुसष्ट वर्षांचा क्ष-किरणतज्ज्ञ आहे. चाळीस वर्षे फिल्म वाचल्या आहेत. तरी तो प्रश्न पडला. त्यात एक जुनी टोचणी होती, आणि ती हरेश गेल्यानेही गेली नव्हती.

त्या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. वयाने तो माझ्याहून बावीस वर्षांनी लहान, म्हणून एकेरीच लिहितो.

हरेश खारबावचा. वडिलांची शेती आणि रेतीची होडी. घरातला पहिला डॉक्टर. भिवंडीतल्या माझ्या एक्स-रे आणि सोनोग्राफीच्या केंद्रावर तो एकतिसाव्या वर्षी आला. तेव्हा मी त्याला एकच अट घातली होती. फिल्म दोघांनी पाहायची, पण बोलायचे नाही. आपापले मत चिठ्ठीवर लिहायचे, घडी घालायची आणि मगच दोन्ही चिठ्ठ्या उघडायच्या. एकाचे ऐकून दुसऱ्याचा डोळा बिघडतो, असे माझे मत होते व आहे. फिल्मच्या डब्यात दोन फिल्मांमध्ये पातळ कागद येतो. चिठ्ठ्या त्याच कागदाच्या. भिंतीवर दिव्याची दुहेरी पेटी. उजवी बाजू माझी, डावी त्याची. चिठ्ठ्या उघडण्याचे काम आमचे डार्करूमवाले इस्माईलभाई करीत. ज्याचे चुकले त्याने चहा पाजायचा. खालच्या गल्लीतून लूमची खडखड येत असे, आणि त्या आवाजावर इस्माईलभाईंचा निकाल ऐकू येई... "आज तरेसाब की जेब कटी." पहिली चार-पाच वर्षे हेच वाक्य अधिक वेळा ऐकू आले. नंतर ते बदलत गेले.

हरेशची एक लकब होती. माझ्याकडून काही सुटले असेल तर तो बोलत नसे. फिल्मवर खुणा करायच्या तांबड्या मेणपेन्सिलीने तो त्या जागी एक लहान वर्तुळ काढी आणि हात धुवायला निघून जाई. मी पाहून घ्यावे, आणि पाहताना माझ्यासमोर कुणी असू नये, एवढी ती सोय. या सभ्यतेचा मला राग येत असे. तो वाद घालता, तर मला बरे वाटले असते.

२००३ च्या उन्हाळ्यात वज्रेश्वरीकडची एक बाई आली. बाळंत होऊन बारा दिवस झाले होते. डोके भयंकर दुखे, दोनदा झटके आले होते. घरच्यांनी आधी देवीला नारळ ठेवला, मग आमच्या ओळखीच्या एका फिजिशियनकडे आणले. त्यांनी ठाण्याहून सीटी स्कॅन करून घेतला. तिथला अहवाल नॉर्मल होता. फिल्म दुसऱ्या मतासाठी आमच्याकडे आली. मी चिठ्ठीवर लिहिले, नॉर्मल. इस्माईलभाईंनी दुसरी चिठ्ठी उघडली आणि माझ्यापुढे धरली. तीत लिहिले होते : मेंदूच्या माथ्यावरची मोठी नीला नको इतकी पांढरी दिसते, आत गुठळी, आजच मुंबईला. मी मान वर केली तेव्हा फिल्मवर वर्तुळ होते आणि हरेश हात धूत होता. बाईला त्याच दिवशी मुंबईला नेले. गुठळी निघाली. औषध वेळेत मिळाले आणि बाई वाचली. तीन महिन्यांनी ती मूल घेऊन पेढे द्यायला आली. पेढा मीही खाल्ला.

त्या पावसाळ्यात त्याने मला विचारले, "सर, मेंदूच्या इमेजिंगची फेलोशिप आहे. एक वर्षाची. मुंबईत. एकच जागा आहे. अर्ज करू का?"

मी म्हणालो, "वय किती तुझं?"

"एक्केचाळीस."

"बाकीचे अठ्ठावीसचे असतील."

"हो सर. म्हणून तर विचारतोय."

मी करू नको म्हणालो नाही. कर, असेही म्हणालो नाही. येथे माझे स्वतःचे एक सांगणे भाग आहे. मेंदूचा स्कॅन आपल्याकडे नवा होता तेव्हा माझ्या गुरूंनी मला ते शिकायला बोलावले होते. अर्ज मी आणला होता. नुकतेच केंद्र सुरू केले होते, वडील आजारी होते. ही कारणे मी वर्षानुवर्षे लोकांना सांगत आलो. दोन्ही खरी आहेत. परंतु वडिलांना सांभाळायला दोन भाऊ होते. मला कुणी अडवले नव्हते. मी घाबरलो होतो. आता माझ्यासमोर एक माणूस एक्केचाळिसाव्या वर्षी न घाबरता उभा होता, आणि तो मीच शिकवलेला होता.

अर्जासाठी हेतूचे निवेदन हवे होते, स्वतः वाचलेल्या वीस केसेसची वही हवी होती, आणि दोन शिफारसपत्रे, बंद पाकिटात. त्यांतले एक सध्याच्या वरिष्ठांचे असावे, असा संकेत होता. हरेश महिनाभर वही लिहीत होता. दुपारी जेवणाच्या सुट्टीत एका हाताने डबा खाई आणि दुसऱ्या हाताने लिही. निवेदन त्याने मला वाचून दाखवले. "मी भिवंडीत काम करतो. येथे डोके दुखते म्हणून येणारा माणूस दुसऱ्यांदा येत नाही, कारण त्याला शिफ्ट बुडवता येत नाही. म्हणून मला पहिल्यांदाच बरोबर दिसले पाहिजे." निवेदन इंग्रजीत होते, अर्थ हा. मी दोन ठिकाणी विरामचिन्हे सुधारली. त्यापलीकडे सुधारण्यासारखे काही नव्हते.

माझे पत्र मी एका बैठकीत लिहिले. चार वाक्ये. डॉ. तरे वेळेवर येतात. ते प्रामाणिक आहेत. सहकाऱ्यांशी त्यांचे वर्तन चांगले आहे. त्यांचे हस्ताक्षर स्वच्छ आहे. खाली सही. यातले एकही वाक्य खोटे नाही. त्याच्या डोळ्याविषयी मी एक शब्द लिहिला नाही. बाळंतिणीविषयी लिहिले नाही. असे पत्र वाचून निवड समिती काय समजते, हे मला ठाऊक होते. मी स्वतः अशा समित्यांवर बसलो आहे. पाकीट चिकटवून मी त्याच्या हातात दिले.

"यात काय लिहिलंय ते विचारायचं नसतं ना, सर?" तो हसत म्हणाला.

"नसतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी फिल्म पाहता पाहता, माझ्याकडे न बघता, त्याने विचारले, "सर, पत्रात काही राहिलं नाही ना?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं." त्याने पुढची फिल्म लावली.

अर्जाच्या धास्तीने विचारीत असेल, असे मी तेव्हा समजलो. पाच वर्षे तसेच समजत होतो.

त्याची निवड झाली. माझ्या पत्राने नुकसान झाले नाही, याचे मला समाधान वाटायला हवे होते. वाटले ते वेगळेच. माझ्या पत्राला न जुमानता त्याला जागा मिळाली, हे मला लागले. ते वर्षभर तो मुंबईत वसतिगृहावर राहिला आणि दर रविवारी मात्र केंद्रावर येत गेला. चिठ्ठ्या चालू राहिल्या. पण मेंदूची फिल्म असली की मी चिठ्ठी लिहिणे थांबवले. "ही तू बघ," असे म्हणून मी सोनोग्राफीच्या खोलीत जाई. इस्माईलभाई एकदा म्हणाले, "बड़े साब, ये तो खेल छोड़के भागना हुआ."

वर्ष संपल्यावर त्याला मुंबईत राहण्याविषयी विचारणा झाली होती. तो परत आला. का, असे मी विचारले, तेव्हा म्हणाला, "तिकडे मशीन मोठी आहेत, सर. पण मोठ्या साहेबाने फिल्म बघितली की बाकीच्यांना तेच दिसतं. चिठ्ठी कोणी लिहीत नाही." मी त्याला चहा पाजला नाही. पेंटर फलकावर त्याच्या नावाखाली फेलोशिपची ओळ लिहायला आला, तेव्हा ती ओळ माझ्या पदव्यांहून लांब होऊ लागली. मी त्याला अक्षरे लहान काढायला सांगितली. हरेश शिडी धरून उभा होता. त्याने ऐकले. पुढे कल्याण-शहापूरकडून फिल्मा येऊ लागल्या. दापोड्याच्या गोदामात उंचावरून पडलेला हमाल असो की कुणा शेठचा मुलगा, लोक माझ्या दारावरून पुढे जात आणि विचारीत, "तरे सर हायत का?"

गेल्या दिवाळीच्या सुमारास दिव्याच्या पेटीतली डावीकडची ट्यूब फडफडू लागली. "सर, डोळ्यांना त्रास होतो, बदलू या," तो म्हणाला. "अजून चालते," मी म्हणालो. माझी बाजू ठीक होती. पंधरा दिवस तो त्या फडफडत्या उजेडात मेंदू वाचीत राहिला. हा त्याच्या आयुष्यातला शेवटचा पंधरवडा आहे, हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक नव्हते, ही सबब मी येथे देत नाही.

त्या शुक्रवारी अकरा वाजता मी खारबावला पोचलो. अंगणात माणसे उभी होती. मी दाराशी घुटमळलो, तेव्हा त्याच्या आईने मला हाताने बोलावले. वय ऐंशीच्या पुढे. रडून झाले होते. "बसा दागतर," ती म्हणाली. "आता त्याला घाई न्हाय." मग थोड्या वेळाने, "तुमचंच नाव घ्यायचा. सरांनी मना बघाया शिकवलं, म्हनायचा..." मी बसलो. खाडीकाठच्या स्मशानात दीडला अग्नी दिला.

चार वाजता मी केंद्रावर गेलो. आदल्या दिवशीच्या फिल्मवाल्या रुग्णाचे नातेवाईक पाच वाजता येणार होते. केंद्र बंद ठेवायचे होते, पण इस्माईलभाई दार उघडून बसले होते. "साब, वो फिल्म," ते म्हणाले. अहवालाचे कागद हरेशच्या खणात असत. मी खण उघडला. कागदांखाली त्याची वीस केसेसची वही होती, आणि बाळंतिणीच्या पानात माझे पाकीट होते. चिकटवलेले. न फोडलेले. म्हणजे माझे पत्र गेलेच नव्हते. त्याने दुसऱ्या कुणाचे तरी घेतले होते.

पाकिटाच्या एका बाजूला तांबडे वर्तुळ होते. वर्तुळाच्या आत काहीच नव्हते. नुसता कागद.

मला समजायला वेळ लागला नाही. मी पाकीट डाव्या पेटीवर लावले. उजेड फडफडत होता. म्हणून उजवीकडे, माझ्या बाजूला लावले. पाकीट स्वस्तातले, पातळ; पत्राला एकच घडी. ओळींवर ओळी पडल्या होत्या. परंतु एकावर एक पडलेल्या सावल्या सोडवून वाचणे, हाच आमचा व्यवसाय. चारही वाक्ये लागली. ज्याच्याकडे दिव्याची पेटी आहे अशा माणसाच्या हातात मी ते पाकीट दिले होते. वर्तुळ चौथे वाक्य आणि माझी सही यांच्या मधोमध होते, कोऱ्या जागेवर. जे सुटले होते, त्या जागी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला विचारले होते, आणि मी नाही म्हणालो होतो.

पाकीट मी वहीत, त्याच पानात परत ठेवले. मग ती फिल्म लावली. पाच वर्षांनी मेंदूवर चिठ्ठी लिहिली, घडी घातली आणि इस्माईलभाईंच्या हातात दिली. ते ती धरून उभे राहिले. दुसरी येणार नव्हती. "खोलूँ, साब?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, नको. नातेवाईक आले, तेव्हा त्यांना सांगितले की मला फिल्मवर एक शंका आहे, पण माझ्यापेक्षा जाणत्याने ती पाहावी. हरेशला ज्यांनी मुंबईत शिकवले, त्यांच्या नावे पत्र लिहून दिले. त्यात हरेशविषयी दोन ओळी होत्या. या वेळी त्या त्याच्या डोळ्याविषयी होत्या.

मग इस्माईलभाईंना बाजारात पाठवून नवी ट्यूब आणवली. स्टूल घेतले, डाव्या पेटीची काच उतरवली, जुनी काढली, नवी बसवली. काच पुसून परत लावली. बटण दाबून पाहिले. उजेड स्थिर होता.