पाइप विझेपर्यंत

तोंडात पेटता पाइप असताना माझा भाऊ कधी कुणाला मारत नसे. त्यात चांगुलपणाचा भाग नव्हता. तरुणपणी गोदीवर एका हमालाशी त्याची जुंपली, तेव्हा पाइप दातांतच होता. हमालाचा ठोसा नेमका पाइपवर बसला आणि दांडी टाळूत घुसली. महिनाभर त्याला धड जेवता आलं नाही. तेव्हापासून त्याचा शिरस्ता ठरला. पाइप शेवटपर्यंत ओढायचा, झटकायचा, टेबलावर ठेवायचा आणि मग माणसाकडे वळायचं. अर्धा पाइप टाकून तो कधी उठला नाही. तंबाखू वाया घालवणारा माणूस दादाच्या लेखी नालायक होता. बायकोचा दात पाडणारा चालत होता.

त्यामुळे घरात वहिनी, तिची लेक आणि मी, आम्हा तिघींचं लक्ष पाइपवर असायचं. मी लग्न केलं नाही, मागच्या खोलीत राहायचे. दादाकडे बघून 'का केलं नाही' असं मला कुणी विचारलंही नाही. पाण्याचा जग फुटला, परीक्षेत मार्क कमी पडले, मला यायला उशीर झाला, असलं जे काही सांगायचं ते पाइप पेटलेला असताना सांगून टाकायचं. वहिनी चुलीपाशी पाठमोरी उभी असायची, पण कान तिकडे. पाइप तळाशी आला की गुरगुरतो. ती गुरगुर ऐकू आली की ती लेकीला काहीतरी निमित्त काढून माझ्या खोलीत पाठवायची.

वहिनी आणि मी एकाच तंबाखूच्या दुकानात कामाला होतो. मी पुढे गल्ल्यावर, ती मागे चिरायला. पानं दाबून त्यांची घट्ट वडी करतात आणि ती हातभर लांबीच्या पात्याखाली चिरतात. पातं एका टोकाला खिळलेलं, दुसऱ्या टोकाला दांडा. मोठा अडकित्ताच म्हणा. मागे एक स्क्रू असतो, तो फिरवला की काप जाड किंवा बारीक होतो. वडी पुढे सरकवायला लाकडाचा ठोकळा, कारण बोटांनी सरकवणाऱ्याची बोटं फार दिवस टिकत नाहीत. कारकुनांना केसासारखी बारीक लागे. ती एका काडीत पेटते आणि जेवणाची सुट्टी संपायच्या आत संपते. शेजारच्या शिंप्याला पातळ काप हवा, तळहातावर चोळून स्वतः मोकळा करायला. त्याची अर्धी मजा त्या चोळण्यातच होती. रखवालदार जाड तुकडे न्यायचे. ते पेटता पेटत नाहीत, पण एकदा पेटले की पाळी संपेपर्यंत धुमसत राहतात.

दादा बारीकवाला. बारीक तंबाखू भडकन जळते, जीभ पोळते आणि माणूस नीट टेकायच्या आत राख होते. आमची भांडी घासून होईतो संध्याकाळची शांतता संपलेली असायची. मग पट्टा, नाहीतर हाताला लागेल ते.

ज्या दिवशी त्याने पट्टा पहिल्यांदा लेकीवर उगारला, त्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनीने त्याची तंबाखू चिरताना स्क्रू किंचित फिरवला. इतका किंचित, की शेजारी उभी असून मला कळलं नाही. जाड काप लवकर पेटत नाही म्हणून ती घरी तो तव्याच्या कडेला जरासा सुकवायची. काही आठवड्यांनी आणखी किंचित. असं करत करत दोन-चार वर्षांत दादा केसावरून फितीएवढ्या रुंद चिरीवर, तिच्यावरून कापावर आणि कापावरून तुकड्यांवर आला, आणि त्याला पत्ता नाही. उलट हल्ली माल चांगला येतो, जीभ पोळत नाही, असं तोच सांगायचा. पाइप हातात धरूनच त्याला डुलकी लागायची. सुट्टीच्या दिवशी मात्र तो दिवसभर घरी, तेव्हा काही उपाय चालत नसे; वहिनीच्या खांद्याचं हाड अशाच एका सुट्टीच्या दुपारी मोडलं. पण संध्याकाळी आमच्या झाल्या होत्या.

त्याला कळलं तर काय, असं मी एकदा तिला विचारलं.

"तोवर पोरगी मोठी होईल," ती म्हणाली.

आमचा मालक भला माणूस, पण त्याच्या पोटात काही राहत नाही. एका दुपारी दादा घराची किल्ली न्यायला दुकानात आला, तोंडात नुकताच पेटवलेला पाइप. मालक हसत म्हणाला, "तुमच्यासारखं गिऱ्हाईक पाहिलं नाही बुवा. केसाएवढ्या बारीकवरून बाईंनी तुम्हाला रखवालदाराच्या तुकड्यांवर आणलं, आणि तुम्हाला कळूही दिलं नाही."

दादा मारकुटा होता, मठ्ठ नव्हता. त्याने पाइप तोंडातून काढून त्यात पाहिलं. मग वहिनीकडे पाहिलं. सगळ्या संध्याकाळी त्याच्या डोळ्यांसमोरून जाताना मला दिसल्या. आणि त्याने तो पेटता, भरलेला पाइप गल्ल्यावर आपटून रिकामा केला. लाकडावर निखारे पसरले. असं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

तो मागे गेला. वहिनीचे केस धरून तिचं कपाळ त्याने यंत्राच्या लोखंडावर आपटलं, पुन्हा आपटलं. मालक मध्ये पडला तर कोपराने त्याचं नाक फोडलं; तो डब्यांच्या ढिगात जाऊन बसला. मी दंड धरला तर मला तराजूवर फेकलं. वहिनीच्या कपाळाचं रक्त डोळ्यांत आलं होतं. दादाने तिच्याच एप्रनने ते पुसलं, तिला दिसावं म्हणून.

"केसासारखी चीर. माझ्यासमोर," तो म्हणाला. "मग घरी जाऊ. आज पोरीलाही दाखवतो."

स्क्रू त्याने स्वतःच पार आवळला. ठोकळा बाजूला ढकलून वडी उजव्या हाताच्या बोटांनी दाबून धरली. "अजून बारीक," म्हणत तो वाकून बघू लागला. त्याची पुढची दोन बोटं पात्याच्या रेषेपलीकडे गेली होती. मला ते दिसलं, वहिनीलाही दिसलं. बोलायला वेळ होता. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. दादा माझा सख्खा भाऊ. आम्ही एका ताटात जेवून मोठे झालो. मी तोंड उघडलं नाही. आजही उघडणार नाही.

वहिनीने दांडा खाली ओढला. कुठल्याही गिऱ्हाइकासाठी ओढते तशाच नेहमीच्या जोराने.

दवाखान्यात मालकाने सुजलेल्या नाकाने सांगितलं की यांनी यंत्रात हात घातला. ते खरंच होतं. वहिनीच्या कपाळाला टाके पडले. बोटं परत लागली नाहीत. दुकानात आम्ही पातं उकळत्या पाण्याने धुतलं आणि ती वडी फेकून दिली.

घरी आल्यावर काही दिवस असेच गेले. मग एकदा लेकीच्या हातून पाणी सांडलं आणि त्याने डावा हात उगारला. वहिनी चुलीपाशी होती. तिथून हललीही नाही.

"उरलेला हात सांभाळा," ती म्हणाली. भांडं गरम आहे असं सांगावं तसं.

हात हळूहळू खाली आला.

पाइप भरायला आणि दाबायला नेमकी तीच दोन बोटं लागतात. त्यामुळे आता वहिनी भरून देते. तंबाखू केसासारखी बारीक, त्याला हवी होती तशीच. एका काडीत पेटते, भडकन जळते. तो टेकतो न टेकतो तोच तळाशी गुरगुर सुरू होते. वहिनी भाजी चिरत असते, भाची त्याच्याकडे पाठ करून वाचत असते, मी दारात बसलेली असते. पाइप विझतो, आणि आमच्यातली कुणीही मान वर करत नाही.