दुहेरी शिवणीची पिशवी

नजर अधू झाली म्हणून मास्तरांनी शिवणकामाचं दुकान बंद केलं, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून घरात त्यांना कोणी काम सांगत नसे. काहीही करायला उठले की सूनबाई म्हणायची, "राहू द्या बाबा, तुम्ही बसा." बसून बसून माणूस किती बसणार?

म्हणून "बाबा, दह्याचा चक्का तुम्ही कराल?" असं तिने आपणहून विचारलं तेव्हा त्यांना हुरूप आला. सूनबाई घरी चक्क्याचं डिप, म्हणजे पाव बुडवून खायची दाट चटणी, करून विकायच्या खटपटीत होती. कोपऱ्यावरच्या बेकरीची मालकीण आज पाचला चव बघायला येणार होती.

"एखाद्या पातळ फडक्यात दही बांधा आणि टांगा, झालं," एवढंच सूनबाईने सांगितलं होतं. पण पातळ फडकं मास्तरांच्या हाताला कसं पटावं? त्यांनी कपाटातलं कोरं पॉपलीन काढलं, दुहेरी केलं आणि अंदाजाने मशीन चालवून पिशवी शिवली. शिवणही दुहेरी. सकाळी सातला दोन किलो दही भरून ती ओट्यावर टांगली, खाली पातेलं ठेवलं.

अकरा वाजता पातेल्यात पाणी किती, तर चार चमचे.

"अहो, ही पिशवी आहे की रेनकोट?" बायकोने विचारलं.

"कापड उत्तम आहे."

"उत्तमच हो. दह्याला आत इतकं बरं वाटतंय की बाहेर यायचं नावच नाही."

असं म्हणून तिने पिशवी दाबली. मुलगा पाणी प्यायला आला, त्याने दाबली. शेजारीण किसणी मागायला आली, तिनेही जाता जाता दाबली. पिशवीच्या बांधलेल्या तोंडातून दही वर आलं आणि ओट्यावर सांडलं.

"हात लावू नका रे! आंबा पिकलाय का बघताय?" मास्तर ओरडले.

तेवढ्यात सूनबाई बाजारातून आली. तिने पिशवीत चमचा घालून उचलला. दही सरळ ओघळलं.

"असू दे बाबा, मी विकतचा आणते," ती म्हणाली. "तुम्ही बसा."

मास्तरांचा चेहरा उतरला. मग एकदम चिडून ते म्हणाले, "थांब. कुठे जायचं नाही."

माळ्यावर धुऊन धुऊन विरलेली एक चादर होती. असलं कापड दुकानात त्यांनी पुसायलाही ठेवलं नसतं. तिचा तुकडा त्यांनी टर्रकन फाडला, उकळत्या पाण्यातून काढून घट्ट पिळला. कडेने दोरे लोंबत होते. मास्तरांनी तिकडे बघायचंच टाळलं. दही त्यात ओतून गाठ मारली, तशी धार लागली. मग लाकडी फूटपट्टी घेऊन ते ओट्यापाशी स्टुलावर बसले. बायकोचा हात एकदा पुढे आला, त्यावर पट्टी बसली.

"मेलं, नवरा आहे की पहारेकरी!"

साडेचारला चक्क्यात चमचा उभा राहिला.

सूनबाईने घाईने त्यात लसूण-मीठ कालवलं. पाचला आलेल्या मालकिणीने पाव बुडवून खाल्ला, पुन्हा बुडवला. "लसूण जरा कमी करा. पण दाटपणा अगदी असाच हवा."

ती गेल्यावर सूनबाई आत आली. "बाबा, परवा चार किलो लागणार आहे. टांगाल ना सकाळी?"

"टांगीन की," मास्तर करवादले, "पण आधी तुझ्या सासूला स्वयंपाकघरातून हलव."