बेचाळीस प्रती आणि कोपऱ्यातली मुलगी

गल्लीत तिला सगळे अंधारवाली म्हणतात. नवरा कॅमेरा गळ्यात अडकवून बाहेर मिरवतो, पाटीवर नाव त्याचं. न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद डकवून लाल दिव्याखाली फोटो छापते ती. मग लोक दुसरं काय म्हणणार?

तर झालं असं, नर्सिंगच्या बेचाळीस मुलींचं शिक्षण संपलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जी ती आपापल्या नोकरीच्या गावी जाणार, म्हणून सगळ्यांचा एकत्र फोटो काढला. नवऱ्याने त्यांना झाडाखाली उभं केलं, मोठ्या थाटात "हसा" म्हणाला, पण शेवटच्या रांगेत कोपऱ्यातल्या मुलीवर फांदीची सावली पडलीय हे काही त्या पठ्ठ्याला दिसलं नाही. नमुना बघितला तर एक्केचाळीस चेहरे आणि एक शाईचा डाग!

"बरंय की," ती मुलगी हसत म्हणाली, "मी आलेच नव्हते असं समजा."

बाकीच्या हसल्या. अंधारवालीला ते हसू काही पचलं नाही.

"एका चेहऱ्यासाठी कशाला जीव काढतेस?" नवरा म्हणाला. "उद्या सकाळी सगळ्या प्रती द्यायच्यात."

"तुम्ही असता त्या कोपऱ्यात, तर?"

"मी कॅमेऱ्यामागे असतो."

"म्हणूनच वाचलात!"

उपाय तिला ठाऊक होता. कागदावर उजेड पडत असताना त्या चेहऱ्यापुरता तो चार सेकंद अडवायचा. तारेच्या टोकाला शेंगदाण्याएवढी पुठ्ठ्याची चकती लावायची आणि हात जरा हलता ठेवायचा. सेकंद ती 'एक नणंद, दोन नणंद' असे मोजायची. बरोब्बर येतात, करून बघा. खऱ्या नणंदा दोनच, पण या फोटोला अकरा लागल्या.

पहिल्या प्रतीत मुलगी पिठात बुडवल्यासारखी. दुसरीत डोक्यामागे वलय, जशी काही संतीणच! तिसरीत शेजारणीचा कान गायब. आठवी कुठे मनासारखी उतरली, ती नमुना म्हणून बाजूला ठेवली. पन्नास कागदांतले उरले बेचाळीस, आणि ही कसरत बेचाळीस वेळा, तीही एकदासुद्धा न चुकता!

तेवढ्यात सासूबाईंनी दार बडवलं. "सूनबाई, आत काय अंडी उबवतेस? मला आंघोळ करायचीय!"

"आई, पाचच मिनिटं!"

"तुझी पाच मिनिटं मला चांगली माहितीयत. काय करायचं ते एकदाच कर आणि नीघ बाहेर!"

"एकदाच!" म्हणत अंधारवालीने दार उघडलं आणि सासूबाईंना चुकवून थेट नवऱ्याकडे धावली. "अहो, कॅमेऱ्यात फिल्म आहे ना? ही आठवी प्रत भिंतीवर लावते. हिचाच फोटो काढा."

"फोटोचा फोटो?"

"हो. मग नव्या निगेटिव्हमध्येच पोरीचा चेहरा सुधारलेला. चकती नको, काही नको. आणि या खेपेला सावली बघा!"

फिल्म धुऊन वाळेपर्यंत आंघोळी उरकल्या, जेवणं झाली. मग जुन्या कातरणावर तिने वेळ ठरवून घेतली: नऊ नणंदा. कागद ठेव, नऊ मोज, काळ्या डब्यात टाक, पुढचा घे. फोटो उमटवायचं काम मागाहून. बेचाळीस कागद झाले तेव्हा सासूबाई धुण्याची बादली घेऊन दाराशी हजर. अंधारवाली डबा घेऊन बाहेर आली आणि त्याच्यावरच बसली.

"काय दडवलंयस त्यात?"

"बेचाळीस मुली, आई. झाकण उघडलंत तर सगळ्या काळ्या ठिक्कर पडतील."

धुणं झाल्यावर पुन्हा दार बंद. सहा-सहा कागद औषधाच्या ताटात सोडायचे आणि पत्ते पिसल्यासारखे खालचे वर, खालचे वर करायचे. चौथ्या खेपेनंतर औषध थकलं, तिने ताजं ओतलं. संध्याकाळी घरभर दोऱ्यांवर नर्साच नर्सा. सासरे वाकून वाकून चालत होते.

दुसऱ्या दिवशी मुली आल्या. कोपऱ्यातलीने प्रत हातात घेतली आणि बोट थेट शेवटच्या रांगेवर ठेवलं. अंधारवालीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून घट्ट आवळलं.

"काकू," मुलगी म्हणाली, "माझे दात एवढे पुढे आहेत?"

"आहेत तर!"

"मग थोडे आत घ्यायचे ना!"

"उद्या म्हणशील नाक दुरुस्त करा! चल, गाडी चुकेल."

मुलगी गेली, आणि फाटकाशी थांबून येणाऱ्याजाणाऱ्याला फोटोतले आपले दात दाखवत बसली.